बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव कापता येत नाही

काका, सलाम.

मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात राहते. आमची लुथरन मंडळी, म्हणजे मार्टिन लुथरची शिकवण मानणारं चर्च, लहान आहे. थोडी इथली मराठी घरं, काही झारखंड-ओडिशाकडून कामाला आलेली माणसं, तीन-चार तेलुगू कुटुंबं. पाळकसाहेब मुंबईहून महिन्यातून एकदा येतात. यंदा चिटणीसपद माझ्याकडे आलं आणि त्याबरोबर सासऱ्यांची वह्यांची पेटीही आली.

यादीत १४० नावं आहेत, रविवारी चाळीससुद्धा येत नाहीत. मुख्य कार्यालयाला दर सभासदामागे पैसे भरावे लागतात, म्हणून पंच म्हणतात, न येणाऱ्यांची नावं कापून टाका. दुसरं, आमच्या अगदी जवळच्या एका कुटुंबाला मुलाच्या पासपोर्टसाठी बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव आणि जन्मतारीख बदलून हवी आहे. तिसरं, एका मुलाला तो जन्मला तेव्हा दवाखान्यात त्याच्या आजीनेच बाप्तिस्मा दिला होता. तो आता दृढीकरणाच्या (मोठेपणी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात बसलाय आणि वहीत त्याचं नावच नाही. पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? शिवाय वह्यांना कसर लागलीय, काही पानं चिकटलीत. माझा मुलगा म्हणतो, एक्सेलमध्ये भर आणि वह्या टाकून दे. काय करू?

— एक नवी चिटणीस

ताई, सलाम.

पेटीत किती वह्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण प्रश्नांवरून वाटतं, तुमच्या सासऱ्यांनी सगळं एकाच जाड रजिस्टरात लिहिलं असावं. पुढून सभासदांची यादी, मागून बाप्तिस्मे आणि लग्नं, मध्ये कुठेतरी वर्गणीचा हिशेब. लहान मंडळ्यांत असंच चालतं आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण तुमचे निम्मे प्रश्न त्या एकत्र बांधणीतूनच उगवलेत.

अमुक दिवशी, अमुक पाळकांच्या हातून, अमुक बाळाचा बाप्तिस्मा झाला, ही घडलेली गोष्ट आहे. तो मुलगा पुढे मुंबईला गेला, दुसऱ्या पंथात गेला, देवळात जायचाच थांबला किंवा वारला, तरी त्या दिवशी झालेला बाप्तिस्मा झालेलाच राहतो. सभासदांच्या यादीचं तसं नाही. आज मंडळीत कोण आहे, एवढंच ती सांगते आणि ती दरवर्षी बदलणार, बदललीच पाहिजे. म्हणून पहिलं काम म्हणजे या दोन वह्या वेगळ्या करा. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि दफन यांच्या नोंदी कायमच्या. यादी चालती.

माझी सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली, त्यामुळे मला सातबारा आठवतो. जमीन विकली म्हणून जुन्या खातेदाराचं नाव कुणी खोडरबरानं पुसत नाही. ते कंसात जातं, बाजूला फेरफाराचा नंबर येतो आणि उद्या कुणी विचारलं तर कुठल्या फेरफारानं नाव गेलं ते सापडतं. तुमच्या यादीलाही हीच शिस्त लावा. नाव जाईल ते कंसात, पुढे कारण, तारीख आणि पंचांच्या सभेचा ठराव क्रमांक. ‘कापून टाका’ हा शब्द पंचांनी चहा पिताना वापरला तर वापरू दे, वहीत त्याला जागा नाही.

आता ते १४० कोण, ते बघू. लुथरन शिकवणुकीत संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत भाकर-द्राक्षरस घेणं. दृढीकरण, लग्न, दफन हे विधी आहेत, संस्कार नव्हेत, पण नोंद त्यांचीही ठेवायची. आणि बाळ बाप्तिस्म्याच्या दिवसापासून मंडळीचं असतं. पुढे लुथरची लहान प्रश्नोत्तरावली शिकून त्याचं दृढीकरण होतं, आणि मताचा हक्क कधी मिळतो ते तुमच्या मंडळीच्या घटनेत लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्या १४० मध्ये पाळण्यातली पोरंही आहेत, शाळकरी मुलंही आहेत आणि प्रभुभोजन घेणारे प्रौढही आहेत. ‘न येणारे’ म्हणताना पंच यातल्या कुणाबद्दल बोलतायत? दोन वर्षांचं लेकरू आईबरोबर आलं नाही म्हणून त्याला गैरहजर धरायचं नसतं.

उरलेल्यांत मोठा आकडा चाकरमान्यांचा निघेल, हे मी तुमचं गाव न बघता सांगतो. घर इथे, कब्रस्तान इथे, आईवडील इथे, नोकरी आणि बिऱ्हाड नालासोपाऱ्यात नाहीतर पनवेलला. नाताळात आणि मे महिन्यात आले की पहिल्या बाकावर बसणार आणि अकरा महिने दिसणार नाहीत. त्यांना फोन करा आणि एकच विचारा, तिकडे तुम्ही प्रभुभोजन कुठे घेता? तिकडे मंडळी लागलेली असेल तर बदलीपत्र द्या. त्यात बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची तारीख लिहा, आणि तिकडून ‘मिळालं, नाव दाखल केलं’ असं उत्तर येईपर्यंत इथलं नाव कंसात घालू नका. नाहीतर माणूस दोन्हीकडे नसतो, आणि हे लग्नाच्या वेळी उघडकीला येतं, तेही पत्रिका छापून झाल्यावर. तिकडे कुठेच जात नसतील तर इथल्या यादीत ‘बाहेरगावी’ म्हणून वेगळं पान करा. झारखंड-ओडिशाच्या कुटुंबांचा प्रश्न नेमका उलटा आहे. त्यांचं पत्र बहुधा गावाकडून आलेलंच नसेल. त्यांच्या मूळ मंडळीला तुम्हीच पत्र घाला. कंत्राट संपलं की ही माणसं आठवड्याभरात गाव सोडतात, मग पत्ता लागत नाही.

ज्यांनी स्वतःहून दुसरी मंडळी धरली, त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. जे वारले त्यांचं दफनाच्या वहीतलं पान बघून नाव कंसात घाला. आणि जे गावातच आहेत, धडधाकट आहेत आणि येत नाहीत, त्यांच्याकडे पंचांनी चिठ्ठी पाठवू नये, स्वतः जावं. किती वर्षांच्या गैरहजेरीनंतर नाव निष्क्रिय होतं आणि ते कुणी ठरवायचं, हे तुमच्या घटनेत असणार. ती घटना पेटीच्या तळाशी असेल, काढून वाचा. मला अशा घरांत बहुतेक वेळा जुनं भांडण सापडलंय, कब्रस्तानाच्या कुंपणावरून नाहीतर नाताळच्या नाटकावरून. ते मिटलं तर नावाचा प्रश्नच राहत नाही.

पैशांचं उत्तर सरळ आहे. मुख्य कार्यालय कुठला आकडा मागतं ते लेखी विचारा. सगळे बाप्तिस्मा झालेले, की प्रभुभोजन घेणारे प्रौढ? बऱ्याच मंडळ्या वर्षानुवर्षं चुकीचा, मोठा आकडा भरत आलेल्या असतात आणि मग पैसे वाचवायला माणसं कमी करायला निघतात. पत्रकातला रकाना नीट भरला की पंचांची निम्मी तक्रार संपेल.

प्रभुभोजनाची नोंद तुम्ही ठेवता की नाही, ते कळलं नाही. लुथरन मंडळ्यांत ही जुनी रीत आहे. लुथरन विश्वासाचं मूळ निवेदन असलेल्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या पंचविसाव्या कलमातच म्हटलंय की आधी विचारपूस आणि पापक्षमा झाल्याशिवाय प्रभुभोजन देण्याची आमच्यात वहिवाट नाही. त्यामुळे येणाऱ्यानं आधी पाळकांना नाव सांगायचं आणि पाळकांनी ते लिहायचं. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्यानं तर पाळकांना घरोघरची वही ठेवायला लावली. घरात कोण आहे, कोण आलं, कोण गेलं, प्रश्नोत्तरावली कुणाला येते, सगळं त्यात. तुम्हाला एवढं नको. महिन्यातून एकदाच पाळक येतात, त्या दिवशी एका पानावर तारीख आणि नावं लिहा, बास. वर्षअखेरीला कोण अजिबात दिसलं नाही ते त्यातून आपोआप कळेल. पण ते पान फळ्यावर लावायचं नाही आणि वार्षिक सभेत वाचूनही दाखवायचं नाही. पाळकांना कुणाच्या घरी जायचं ते कळावं, एवढ्यासाठी ते आहे.

आता तो पासपोर्ट. जवळची माणसं आहेत म्हणून तुम्हाला जड जातंय, हे दिसतंय. त्यांना आधी हे सांगा की त्यांचं काम तुमच्या वहीत अडलेलंच नाही. जन्मतारखेसाठी पासपोर्ट कार्यालय बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखलाच लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड असे दुसरे पर्याय आहेत. चूक जन्मनोंदीत असेल तर ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत, जिथे जन्म नोंदवला तिथे दुरुस्त करून घ्यायची. आणि तिथला निबंधकसुद्धा मूळ नोंद खोडत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तो समासात दुरुस्ती लिहितो, सही करतो, तारीख घालतो.

तुमच्या वहीतही तसंच करायचं, पण आधी खरोखर चूक आहे का ते ठरवा. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी भरलेला अर्ज पेटीत असेल तर काढा. अर्जात १२ तारीख आणि वहीत २१, तर ती लिहिणाऱ्याची चूक. पाळकांसमोर, दोन साक्षीदारांसमोर समासात बरोबर तारीख लिहा, कशावरून ते लिहा, सह्या घ्या. मूळ २१ वाचता आलं पाहिजे, त्यावर पांढरी शाई फासायची नाही. पण अर्जातही तेच नाव, वहीतही तेच नाव आणि आता शाळेत वेगळं नाव लागलंय, तर ती चूक नव्हे. त्या दिवशी त्या बाळाला त्या नावानं बाप्तिस्मा झाला. फार तर समासात लिहा, ‘पुढे या नावानं ओळख, राजपत्राची तारीख अमुक’. दाखला देताना मूळ नोंद आणि समासातली टीप दोन्ही उतरवून द्या. घरच्यांनी फारच धरलं तर माझं नाव सांगा, काकांनी नाही म्हटलंय म्हणा. वाईटपणा मला चालेल.

लग्नाच्या वहीची गोष्ट आणखी कडक आहे, कारण ती नुसती मंडळीची वही नाही. तुमच्यासारख्या मंडळ्यांत १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली परवाना असलेले पाळक लग्न लावतात. नोंद दोन ठिकाणी होते, वहीत आणि तिला जोडलेल्या प्रमाणपत्राच्या स्थळप्रतीत. वधूवर, लग्न लावणारे पाळक आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या हव्यात, आणि ते प्रमाणपत्र फाडून महिन्याच्या आत जिल्ह्याच्या विवाह निबंधकाकडे गेलं पाहिजे. पाळक महिन्यातून एकदा येतात, त्यामुळे ‘पुढच्या खेपेला सही करू’ म्हटलं की महिना उलटलाच. त्याच दिवशी, जेवणाच्या पंगती बसायच्या आधी, सगळं उरका. चूक सापडली तर कलम ७८ आहे. सापडल्यापासून महिन्याच्या आत, नवराबायकोसमोर, ते हयात नसतील किंवा येऊ शकत नसतील तर दोन विश्वासू साक्षीदारांसमोर, समासात दुरुस्ती. मूळ नोंदीला हात नाही. आणि कलम ७५ पंचांना मुद्दाम वाचून दाखवा. ही वही जाणूनबुजून नष्ट केली किंवा त्यात खोटं घातलं तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. मुलालाही वाचायला द्या, म्हणजे ‘टाकून दे’ पुन्हा निघणार नाही.

एक्सेलला माझा विरोध नाही. नाव शोधायला, फोन नंबर ठेवायला, दृढीकरणाच्या वयाची मुलं काढायला ते उत्तम. पण सही असते वहीत. एक्सेलमध्ये प्रत्येक नावापुढे वहीचा आणि पानाचा क्रमांक टाकायला सांगा, नाहीतर ती नुसती टेलिफोन डिरेक्टरी होईल.

वह्यांची दुरुस्ती. चिकटलेली पानं नखानं सोडवू नका आणि वही उन्हात वाळत घालू नका. ऊन लागलं की शाई उडते आणि पुठ्ठा वाकतो. घरात सावलीत, पंख्याखाली वही उभी करून पानं किंचित उघडी ठेवा, दोन-चार दिवस जाऊ द्या. वाळल्यावर बोथट सुरीच्या पात्यानं हळू सुटतात तेवढीच सोडवा. बुरशी मऊ ब्रशनं घराबाहेर झाडा, नाकाला फडकं बांधून. फाटक्या पानाला सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशनही नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कोकणात काहीच ठेवू नये, आतल्या आत घाम सुटतो. जुन्या दफ्तरखान्यांत कागद सुती रुमालात बांधत, ते शहाणपणाचं होतं. धुतलेलं मांजरपाट घ्या, वही गुंडाळा, वरच्या चिठ्ठीवर साल लिहा. पेटी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा, पावसाच्या झडीच्या बाजूच्या भिंतीला लावू नका. श्रावणात उघडीप पडली की दोन तास झाकण उघडं टाका. कडुलिंबाचा वाळलेला पाला घातलात तर बरं, पण ओला नको. आणि नव्या नोंदी जेल पेननं करू नका. पाण्याचा एक थेंब पडला की नाव गेलं. न फुटणारी काळी शाई किंवा साधं चांगलं बॉलपेन.

छप्पर आधी तपासा, हे सांगायला नको. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली बासेल मिशननंच मंगळुरात काढला, पण म्हणून चर्चचं कौल गळत नाही असं काही नाही.

खरी भीती मात्र कसरीची नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं रायगडच्या किनाऱ्यावरची छपरं उडवली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं ते पोटमाळ्याला टेकलं. तुमच्या पेटीला कुलूप असून अशा दिवशी काय उपयोग? तेव्हा दुसरी प्रत हवी आणि ती दुसऱ्या ठिकाणी हवी. डेन्मार्कमध्ये १८१४ पासून नियमच होता की चर्चची वही दोन प्रतींत लिहायची, एक पाळकाकडे आणि एक गावच्या मास्तराकडे, आणि रात्री दोन्ही प्रती एका छपराखाली असता कामा नयेत. त्याच डेन्मार्कच्या राजानं धाडलेले झीगेनबाल्ग आणि प्लूट्शाउ हे मिशनरी १७०६ साली तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले आणि आपल्याकडचं लुथरन मिशन सुरू झालं, तेव्हा हा नियम आपल्याला परका नाही. आमच्या कचेरीतही असा असता तर बरं झालं असतं.

तुम्ही हातानं दुसरी प्रत लिहायला बसू नका. दिवसाच्या उजेडात, वही सपाट ठेवून, पान क्रमांक दिसेल असा प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. दोन पेन ड्राइव्हवर घाला. एक पाळकसाहेब मुंबईला घेऊन जातील, एक खजिनदारांच्या घरी, आणि खजिनदार तुमच्याच आळीत राहत असतील तर दुसरं कुणी शोधा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही पान टाकायचं नाही. त्या पानांवर कुणाच्या बापाचं नाव नाही, कुणाचं लग्न दुसरं आहे, हे सगळं असतं. स्थळ बघायला आलेली मंडळी ‘जरा वही दाखवा’ म्हणतात, त्यांनाही नाही म्हणा. ज्याची नोंद त्याला, किंवा अल्पवयीन मुलाच्या आईवडिलांना, तेवढ्याच नोंदीचा सहीशिक्क्याचा उतारा द्यायचा. अख्खं पान झेरॉक्स करून नाही.

राहिला आजीनं दिलेला बाप्तिस्मा. पुन्हा द्यायचा नाही. जिवावर बेतलेलं असताना कुणीही ख्रिस्ती माणूस पाण्यानं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देऊ शकतो, ही लुथरन मंडळीची पहिल्यापासूनची रीत आहे, आणि एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. पाळकांनी फक्त विचारून खात्री करायची असते. कुणी दिला, पाणी वापरलं का, कुठले शब्द म्हटले, त्या वेळी तिथे आणखी कोण होतं. उत्तरं पटली की उपासनेत मुलाला पुढे बोलावून मंडळीसमोर जाहीर करतात आणि नोंद होते.

ती नोंद जुन्या सालाच्या पानावर दोन ओळींच्या मध्ये कोंबू नका. आजच्या पानावर, आजच्या अनुक्रमांकानं लिहा. बाप्तिस्म्याची तारीख ती, जेव्हा आजीनं दिला. देणाऱ्याच्या रकान्यात आजीचं नाव, ‘प्रसंगी’ (म्हणजे जिवावर बेतलं तेव्हा दिलेला) असा शेरा. त्याखाली मंडळीसमोर जाहीर झाल्याची तारीख आणि पाळकांची सही. जुन्या सालाच्या पानावर समासात पेन्सिलीनं एवढंच, ‘पाहा, क्रमांक अमुक’.

आजींचं वय किती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पाळकसाहेब येईपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात, मुलाच्या आईला बरोबर घेऊन त्यांच्या घरी जा, त्यांच्या तोंडून जसं येईल तसं लिहून घ्या, अंगठा किंवा सही घ्या. त्या वेळची नर्स किंवा शेजारची बाई हयात असेल तर तिचंही. आजींना आठवत नसेल किंवा त्यांना भेटताच येत नसेल, तर पाळकांना फोनवर तसं स्पष्ट सांगा. मग पुढे काय करायचं तो निर्णय त्यांचा, तुमचा किंवा पंचांचा नाही.